नफा आणि शोधक बुद्धी

नफ्याची आशा नसेल तर मनुष्य नवे शोध लावणार नाही, असे कित्येक म्हणतात. ह्यात तथ्य आहे. श्रमाचे फळ इच्छिणे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु बुद्धी कोणाची चाकरी करिते, हे पाहिले पाहिजे.

सन १९५९ मध्ये स्वीडन देशातील व्होल्व्हो ह्या मोटार कंपनीचे नील्स बोलिन ह्यांनी छाती व कंबर दोन्ही आवळून धरणारा पट्टा सिद्ध केला. पेटंट कंपनीचे होते. तरी तिने तो इतर कारखानदारांस मोकळेपणी वापरू दिला, आणि त्यायोगे असंख्य जीव वाचले. ह्याउलट जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने डिझेल मोटारींत अशी युक्ती बसविली की, तपासणीच्या वेळी विषारी वायू थोडा निघावा, व रस्त्यावर पुष्कळ. सन २०१५ मध्ये हे उघडकीस आले. तेव्हा सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ती युक्ती होती. येथेही बुद्धी थोडकी नव्हती. पण ती खोटी तागडी घडविण्यात खर्ची पडली.

प्रियहो, बुद्धी हे देवाने आपणांस सोपविलेले द्रव्य आहे, व त्याचा हिशेब द्यावयाचा आहे. आपल्यांपैकी जो दूध किंवा धान्य विकतो, त्यानेही स्वतःस पुसावे: माझी हुशारी शेजाऱ्याचा जीव राखते, की त्याच्या डोळ्यांत धूळ घालते?