अर्जुन गप्प झाला, तेव्हा



आजचे श्लोक दुसऱ्या अध्यायातले, ९ आणि १०. दोन्ही संजयाच्या तोंडचे. नवव्यात तो धृतराष्ट्राला सांगतो की अर्जुनाने आपण लढणार नाही एवढं गोविंदाला सांगितलं आणि तो गप्प झाला. दहाव्यात सांगतो की दोन्ही सैन्यांच्या मध्ये खिन्न होऊन बसलेल्या त्या अर्जुनाशी हृषीकेश, जणू हसत, बोलू लागला. झालं. पाठ म्हणताना हे दोन श्लोक आपण भरभर म्हणून टाकतो, कारण 'खरी गीता' अकराव्या श्लोकापासून सुरू होते असं कुठेतरी मनात बसलेलं असतं.

पण आज इथेच थांबू या. प्रश्न साधा आहे. माणूस असा मध्येच बंद पडतो, तो त्याचा दोष म्हणायचा का? आणि दोष नसेल, तर समोरच्याने करायचं काय?

हा प्रश्न गेले दोन आठवडे डोक्यात घोळतोय, त्याला निमित्त आमच्या हॉलमधला होम थिएटरचा रिसीव्हर. बाबा रोज सकाळी त्यावर कीर्तन लावतात. आषाढ लागला तसा तो बंद पडू लागला. कधीही नाही, नेमका शेवटच्या गजराला. पखवाजाची थाप चढली, टाळ एका लयीत आले, की आतून 'खट्' असा आवाज आणि सगळं शांत. समोरचा लाल दिवा लुकलुकत राहतो. परत चालू केला की चालू होतो, पुढचा गजर आला की पुन्हा खट्.

तो 'खट्' म्हणजे रिले. आत एक प्रोटेक्शन सर्किट असतं, ते सतत पहारा देतं. बाहेर जाणारा करंट मर्यादेच्या वर गेला, आतलं तापमान वाढलं, किंवा स्पीकरच्या तारेवर डीसी व्होल्टेज आलं, की ते रिले उघडतं आणि स्पीकर तोडतं. डीसी आला तर स्पीकरची कॉइल जळते, करंट फार झाला तर रिसीव्हरचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. म्हणजे रिसीव्हर बंद पडतो तेव्हा तो बिघडलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा तो बिघडू नये म्हणून बंद पडलेला असतो.

हे कळलं की आपली पहिली सवय चुकीची वाटायला लागते. पहिली सवय म्हणजे रीस्टार्ट. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर त्यासाठी बदनामच आहोत. पण गंमत बघा, कृष्णसुद्धा आधी रीस्टार्टच करून पाहतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला, दुसऱ्या-तिसऱ्या श्लोकात, तो अर्जुनाला चांगलाच झापतो. हे तुला शोभत नाही, मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ, असा भाव. आणि अर्जुन उठत नाही! उलट आपली कारणं सांगतो, सातव्या श्लोकात मी तुझा शिष्य आहे, मला शिकव म्हणतो आणि मग गप्प होतो. साक्षात भगवंताचा रीस्टार्ट चालला नाही, ही गोष्ट गीतेनेच नोंदवून ठेवली आहे. माझ्या मते हा गीतेचा फार मोठा प्रामाणिकपणा आहे.

तो सातवा श्लोक म्हणजे लुकलुकणारा दिवा. अर्जुन नुसता बंद पडत नाही, बंद पडण्याआधी काय होतंय ते सांगतो. पहिल्या अध्यायातही त्याने लक्षणं क्रमाने सांगितली आहेत: अवयव गळतात, तोंड कोरडं पडतं, अंगाला कंप सुटतो, गांडीव हातातून निसटतं, त्वचा भाजल्यासारखी होते. इतका व्यवस्थित लॉग प्रॉडक्शनमध्ये आम्हाला कधी मिळत नाही.

आता रिसीव्हर. अशा वेळी पहिला प्रश्न असा विचारायचा की तो बंद पडला की त्याला कुणी बंद केलं? हल्ली टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या तारेतून एकमेकांना हुकूम देतात, टीव्ही बंद झाला की तो रिसीव्हरलाही बंद करतो. स्लीप टायमर असतो. हे बिघाड नव्हेत. दुसरा प्रश्न, कधी बंद पडतो? चालू केल्याकेल्या पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक वेळा मागच्या टर्मिनलवर तारेचा एक केसाएवढा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. नाहीतर आतला ट्रान्झिस्टर गेलेला. अर्ध्या तासाने पडला तर उष्णता, म्हणजे कपाटात कोंडलाय, जाळ्यांवर धूळ आहे. आणि फक्त आवाज चढला की पडला, तर करंट.

आमचा तिसऱ्या जातीचा. मग प्लग काढून मागच्या सगळ्या तारा सोडल्या आणि रिकामाच तासभर चालू ठेवला. काही झालं नाही, म्हणजे आतून तो ठीक आहे. मग एकेक स्पीकर लावून तोच गजर, तोच आवाज. हॉलमधले पाच आणि बाल्कनीतले दोन, असे सातही स्पीकर एकेकटे तपासले. एकातही दोष नाही.

मी हे वाक्य पुन्हा लिहितो. एकातही दोष नाही, आणि तरी सगळे मिळून रिसीव्हर बंद पाडत होते.

गेल्या दिवाळीत वायरमनने बाल्कनीतले दोन स्पीकर जोडून दिले होते, झाडांना पाणी घालताना बाबांना कीर्तन ऐकू यावं म्हणून. जोडले ते हॉलच्या पुढच्या दोन स्पीकरच्या टर्मिनलमध्येच, एका भोकात दोन तारा. ६ ओहमचा एक स्पीकर, त्याला समांतर ६ ओहमचा दुसरा, म्हणजे मिळून ३ ओहम. रिसीव्हरच्या पाठीवर स्पष्ट छापलंय की ६ च्या खाली नको. रोध निम्मा झाला की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट. हळू आवाजात ते खपून गेलं, महिनोन्महिने कुणाला कळलं नाही. आषाढात बाबांनी वारीच्या ओढीने आवाज वाढवला आणि पहारेकऱ्याने हात वर केला.

आता दहाव्या श्लोकाकडे परत या. संजय मुद्दाम सांगतो, दोन्ही सैन्यांच्या मध्ये. पहिल्या अध्यायातही रथ तिथेच नेऊन उभा करायला अर्जुन स्वतः सांगतो. एका बाजूला क्षत्रिय म्हणून स्वीकारलेलं काम, द्रौपदीचा अपमान, भावांचा वनवास. दुसऱ्या बाजूला ज्यांच्या मांडीवर खेळला ते आजोबा, ज्यांनी धनुष्य धरायला शिकवलं ते गुरू. दोन्ही भार खरे. दोन्ही एकाच टर्मिनलला.

भित्रा म्हणावं तर तेही बसत नाही. विराटाच्या गाईंसाठी झालेल्या लढाईत याच भीष्म-द्रोणांसमोर तो जवळजवळ एकटा उभा राहिला होता. तिथे बंद पडला नाही, कारण तिथे त्यांना मारायचं नव्हतं. संमोहनास्त्राने मूर्च्छित करून परतता आलं. एकच भार होता, पेलला. त्याच प्रसंगात घाबरून रथातून उडी टाकून पळाला तो राजपुत्र उत्तर, आणि त्याच्यामागे धावून त्याला पकडणारा अर्जुन. पण पकडून त्याने उत्तराला शस्त्र हातात घ्यायला लावलं नाही. तू लगाम धर, लढायचं मी बघतो, असं ठरवून दिलं. म्हणजे माणूस बंद पडला तर भार कमी करायचा, हे अर्जुनाला आधीच माहीत होतं. कुरुक्षेत्रावर मात्र लगाम धरणारा आधीच ठरलेला, धनुष्य दुसऱ्या कुणाला देता येईना.

म्हणून कृष्ण भार कमी करत नाही, सुटा करतो. अकराव्यापासून तिसाव्यापर्यंत आत्म्याचाच विषय. एकतिसाव्यापासून स्वधर्म. एकोणचाळिसाव्यापासून कर्मयोग. एकेक तार सोडवून लावून बघतो.

रिसीव्हरच्या बाबतीत दुसरा सोपा रस्ताही होता. एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच सुचवला, प्रोटेक्शन बायपास करून देतो, परत बंद पडणार नाही. हे अगदी खरं आहे! परत बंद पडणार नाही, एकदम जळेल. जुन्या वाड्यांत फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालायचे, त्यातलाच प्रकार. माणसांच्या बाबतीत बायपासला आपण बरे शब्द वापरतो: मन घट्ट कर, एवढं काय त्यात, सगळ्यांचंच असतं. बंद पडणं थांबतं खरं.

दुसऱ्या टोकालाही जायला नको. प्रत्येक गप्प बसण्याला हार घालायचा नाही. सतराव्या अध्यायात मौनाला मनाच्या तपात जागा दिली आहे, पण ती मनाच्या प्रसन्नतेच्या आणि सौम्यतेच्या शेजारी. तिसऱ्या अध्यायात बजावलंही आहे की इंद्रियं आवरून आत विषयच घोळवत बसणारा मिथ्याचारी. रुसून गप्प बसणारा, गप्प राहून घर वेठीला धरणारा, हे त्यात आले. रिले उघडणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तीन ओहम तिथेच असतात.

आता घरचं सांगतो, कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहील. आमचं गावचं घर विकायचं की नाही हा विषय वर्षभर चाललाय. रविवारी व्हिडिओ कॉल होतो: आत्या, काका, दादा, मी आणि बाबा. विषय निघाला की दहा मिनिटांत बाबा उठून बाल्कनीत जातात. सगळ्यांचं मत असं की बाबा मुद्दाम टाळतात. आत्या म्हणते, दर पावसाळ्यात कौलं फुटतात, किती दिवस शाकारायचं? बरोबर आहे. काका म्हणतात, मुलीच्या शिक्षणाला माझा वाटा आत्ता हवाय. बरोबर आहे. दादा म्हणतो, गिऱ्हाईक थांबणार नाही. तेही बरोबर.

त्या रिसीव्हरनंतर मी दोन रविवार फक्त बघत बसलो, की बाबा नेमके कधी उठतात. घराचा विषय निघाल्यावर नाही. भावाचा आकडा निघाल्यावरही नाही. दोघं एकदम बोलायला लागले की उठतात. मग मी एका संध्याकाळी एकटाच त्यांच्याजवळ बसलो. बाबा पाऊण तास बोलले. ओसरीबद्दल बोलले, आईने लावलेल्या पारिजातकाबद्दल, आणि मी न विचारता जागेचा भावही सांगितला, दादाच्या आकड्यापेक्षा जास्त अचूक. टाळणारा माणूस भाव काढून ठेवत नाही.

बाल्कनीसाठी वेगळा छोटा अँप्लिफायर आणला, ते काम संपलं. बाबांचं संपलेलं नाही, आणि मला खरी टोचणी इथून पुढे आहे. मी त्यांच्याशी हळू आवाजात, एकेक मुद्दा घेऊन बोलतो, ते नेमकं कशासाठी? त्यांना काय वाटतं ते त्यांना नीट सांगता यावं म्हणून, की शेवटी सही मिळावी म्हणून? दुसरं असेल तर तो बायपासच, फक्त मऊ हाताने केलेला. दुरुस्तीवाल्याने निदान उघड सांगितलं होतं.

कृष्णावरही हा आक्षेप घेतात लोक: एवढं समजावलं ते अखेर लढवण्यासाठीच ना? मला तो आक्षेप फुकाचा वाटत नाही. पण अठराव्या अध्यायाचा ६३ वा श्लोक मी त्याच्यासमोर ठेवतो. सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. त्या क्षणी अर्जुन रथातून उतरून चालू लागला असता तर? वाट मोकळी नसती, तर ते वाक्य बोलण्यात काही अर्थच नव्हता.

येत्या रविवारचा कॉल मी ठेवलेला नाही. दादाला सांगितलंय की या वेळी आधी बाबा आणि तू, दोघंच बोला, मग बाबा आणि काका. दादाने विचारलं, आणि एवढं करून बाबा नाहीच म्हणाले तर? मी म्हटलं, तर नाही. फोन ठेवल्यावर आत्याच्या कौलांचा विचार आला आणि बराच वेळ झोप लागली नाही.

उद्या श्लोक ११. रामकृष्ण हरी.