वारा नसतानाचं छायाचित्र

सावकाश बसा. अंधारलेल्या विंड टनेलमध्ये विमानाच्या पंखाचं एक छोटं प्रारूप डोळ्यांसमोर आणा. त्यावर एक पातळ रंग फवारला आहे. जांभळट प्रकाश पडताच पंख लालसर उजळतो. वारा अजून सुटलेला नाही. इथेच थोडं थांबू या.

रंगात प्लॅटिनमयुक्त पॉर्फिरिनचे रेणू आहेत. ते प्रकाश शोषून घेतात आणि तीच ऊर्जा लाल उजेडाच्या रूपाने परत देऊ पाहतात. पण त्या थरात ऑक्सिजन झिरपलेला असतो. त्याचा रेणू येऊन धडकला की ऊर्जा तो घेऊन जातो आणि उजेड उमटायचा राहतो. दाब जास्त तिथे ऑक्सिजन जास्त, म्हणून उजेड कमी. ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडलेलं समीकरण हेच सांगतं.

एक श्वास घ्या. आत आलेल्या हवेचा सुमारे पाचवा हिस्सा तोच ऑक्सिजन आहे.

आता वारा सुरू होऊ द्या, सेकंदाला ३० मीटर. अंगाला तो झोंबेल. पण त्याचा गतिज दाब भरतो जेमतेम ५४० पास्कल, आणि वातावरणाचा दाब आहे लाखाच्या वर. म्हणजे अर्धा टक्का. उजेडातला फरक याच मापाचा, डोळ्याला न कळणारा. त्यात तापमान एका अंशाने सरकलं, तर अनेक रंगांचा उजेड टक्काभर हलतो. जे शोधायचं, त्याहून अडथळा मोठा.

अशा वेळी घाई करून काहीच हाती लागत नाही. कॅमेऱ्यात दहा लाख फोटॉन जमले, तर अनिश्चितता हजारात एक उरते. दहापट बारकाई हवी तर फोटॉन शंभरपट लागतात. म्हणून एकाच दृश्याची छायाचित्रं पुन्हा पुन्हा घेऊन त्यांची सरासरी काढायची. आणि वारा थांबताच, पंखाचं तापमान बदलण्याआधी, निश्चल पंखाचीही तितक्याच निष्ठेने घ्यायची. या कामातली हीच पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. रंगाचा कमीजास्त थर, दिव्यांचा असमान उजेड हे सारं दोन्ही चित्रांत सारखंच असतं. वाऱ्याने पंख किंचित हलला असेल, तर त्यावरच्या खुणांच्या ठिपक्यांवरून चित्रं जुळवून घ्यायची. मग बिंदूगणिक भागाकार केला की उरतो तो दाबाचा माग.

आता तो माग वाचा. वरच्या बाजूला, पुढच्या कडेलगत, एक पट्टा अधिक उजळ दिसेल: तिथे हवा वेगाने धावते, दाब उतरतो. पंखात पाडलेल्या बारीक छिद्रांतून मिळालेले दाबाचे आकडे त्याच्याशी ताडून पाहा. छिद्रं मोजक्या जागांचंच सांगतात. मधला सगळा प्रदेश रंग सांगतो. नजर हळूहळू मागच्या कडेकडे न्या. दाब पुन्हा वाढत जातो तसा उजेड मंदावायला हवा. जिथे तो मंदावत नाही, एकसारखाच राहतो, तिथे प्रवाहाने पंखाचा पृष्ठभाग सोडला असण्याचा संभव आहे.