शेवटच्या फेरीतला मुलगा

ऑक्टोबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं, तेव्हा आपल्याकडे गाजलं ते क्रिकेटचं पुनरागमन. लॉस एंजेलिस २०२८साठी त्याच वेळी फ्लॅग फुटबॉललाही प्रवेश मिळाला, तो बातमीच्या शेपटात गेला. अमेरिकन फुटबॉलचाच हा सौम्य प्रकार. प्रतिस्पर्ध्याला आडवं पाडायचं नाही. कमरपट्ट्याला लटकणारी फीत ओढली की चाल संपली. मुलांच्या लीगमध्ये सहसा एका बाजूला पाच जण. धसमुसळेपणा नसल्यामुळे पाच-सहा वर्षांची पोरंही खेळतात, आणि न्यू जर्सीतल्या मराठी आईबापांवरही कधीतरी गट निवडण्याची वेळ येते.

आडवं पाडण्याच्या मूळ, टॅकल फुटबॉलमध्ये पॉप वॉर्नर या जुन्या संस्थेनं वर्षानुवर्षं वयाला वजनाची जोड दिली, कारण तिथं जड पोर हलक्या पोरावर आदळतं. आपल्या कबड्डीतली कुमार गटाची वजनाची अट त्याच जातीची. फ्लॅगमध्ये मात्र बहुतेक लीग जन्मतारीख नाहीतर शाळेतली इयत्ता बघतात. कागद दाखवला की वाद मिटला. एवढी सोय दुसऱ्या कुठल्याच मापात नाही, म्हणून ते टिकलंय.

पण दोन वर्षांच्या गटात सर्वांत थोरला आणि सर्वांत धाकटा यांच्यात जवळजवळ दोन वर्षांचं अंतर पडतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी हा आयुष्याचा पाचवा हिस्सा झाला! कॅनडात आइस हॉकीची वयोमर्यादा १ जानेवारीला मोजत. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचाच भरणा असल्याचं रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये दाखवलं. बारा-तेराव्या वर्षी तर तारखेचाही उपयोग संपतो. एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. धाकट्याचा हात फितीकडे जाईपर्यंत थोरला पाच यार्ड पुढं.

मग एकेका वर्षाचे गट का नाहीत? हिशेब सोपा आहे. एका संघात आठ-नऊ मुलं, रंगत यायला निदान चार संघ, म्हणजे एकाच वयाची ३२ ते ३६ मुलं हवीत. लहान गावात ती आणायची कुठून? गट रुंद राहणार, हे मला मान्य आहे. म्हणूनच खरी काळजी संघ पाडताना घ्यायला हवी, आणि नेमकी तिथंच ढिलाई होते.

चाचणीच्या दिवशी मुलं धावतात, झेल घेतात, त्यांना गुण मिळतात. मग प्रशिक्षक आळीपाळीनं निवडतात, आणि पहिल्या फेरीत शेवटी निवडणाऱ्याला दुसऱ्या फेरीत पहिली संधी. कागदावर चोख. फक्त प्रशिक्षक हे बहुधा कुणाचे तरी बाप असतात आणि त्यांचं पोर त्यांच्याच संघात जातं. साहाय्यकाचंही. दोघांची पोरं चपळ असली की दोन हुकमी खेळाडू फुकटात पदरात. त्या मुलांना गुणांप्रमाणे त्या-त्या फेरीत मोजलं की प्रश्न सुटतो. पण फुकट राबणाऱ्या माणसाला दुखवायचं कुणी?

मला त्याहून जास्त खुपतो तो शेवटच्या फेरीतला मुलगा. या खेळात पाचही जणांना पास घेता येतो. नियमानं कुणालाच वगळलेलं नाही. तरी प्रशिक्षक त्याला मधोमध उभा करून प्रत्येक चालीला चेंडू मागं द्यायला लावतो, आणि त्याच्याकडे पास कधीच येत नाही. आपल्या गल्लीतल्या कच्च्या लिंबूला निदान बॅट तरी मिळते. इथं फी भरून, जर्सी घालून मुलगा हंगामभर वाकून उभा. संघांचा समतोल साधला, सामने अटीतटीचे झाले, तरी त्याच्या वाट्याला काय आलं? आठांहून जास्त मुलं संघात घेऊ नयेत, जागा फिरत्या ठेवाव्यात आणि प्रत्येक सामन्यात प्रत्येकाच्या हाती चेंडू पडलाच पाहिजे, असं नियमावलीतच लिहावं.

बारा वर्षांनंतर मुलांनाच जिंकायचं असतं, हा आक्षेप खरा आहे. त्यांच्यासाठी चढाओढीचा गट खुशाल वेगळा काढावा. पोराला वरच्या गटात घ्या म्हणून मागं लागणारे पालक पुष्कळ. खालच्या गटात ठेवा म्हणणारा विरळा, आणि त्याच्याकडेही संशयानंच बघतात. उशिरा वाढणाऱ्या मुलाला एक गट खाली खेळू द्यायची सोय असावी, पण तो निर्णय प्रशिक्षकाच्या हातात नसावा.