माळ ओसाड नसतो

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर नजर कुठेच अडत नाही. माळढोकाला नेमके तेच हवे असते. हा जड अंगाचा पक्षी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडे घालतो. धोका दुरून दिसला तरच तो तगतो. १९७०च्या दशकात दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून इथले काही तुकडे झाडे लावण्यासाठी कुंपण घालून राखले गेले. चराई थांबली, गवत तरारले आणि माळढोक तिथे विणीला येऊ लागला. १९७९ मध्ये अभयारण्य झाले. पुढे लावलेली झाडे उंच होत गेली, तसतसा तो माळ या पक्ष्यासाठी मिटत गेला. माळढोकाच्या ऱ्हासाला उसाखाली गेलेली जमीन, शिकार, विजेच्या तारा अशी इतर कारणेही होतीच. तरीही कुंपणाने कमावलेले काही अंशी झाडांनीच घालवले.

हे घडले, कारण सरकारी दप्तरात माळ म्हणजे 'पडीक'. ज्या जमिनीतून ना सारा मिळे ना लाकूड, ती इंग्रजी अमदानीत निरुपयोगी ठरली आणि तो शब्द स्वातंत्र्यानंतरही टिकला. १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू झाला. २०१९च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने एका हंगामात ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले. शाळकरी मुलांपासून जवानांपर्यंत असंख्य हात त्यात राबले आणि त्यामागची तळमळ खरी होती. पण मोजणी रोपांची होते. जमीन मुळात कोणती, हा प्रश्न मागे पडतो.

मोजणीला सोयीचे झाड म्हणजे गिरिपुष्प, खेड्यापाड्यांतली उंदीरमारी. मूळ मध्य अमेरिकेचे हे झाड फांदी रोवली तरी फुटते, मोकाट गुरे त्याच्या फारसे वाटेला जात नाहीत. शेताच्या बांधावर त्याचा पाला उत्तम हिरवळीचे खत होतो. पुण्याच्या टेकड्यांवर मात्र त्याच्या सलग राया उभ्या राहिल्या आणि दुरून हिरव्या दिसणाऱ्या त्या उतारांवर पळस, सालई, धावडा यांच्या रोपांना जागा कमी उरली.

साताऱ्याजवळचे कास पठार हा याहून बोलका दाखला. जांभ्या खडकावर बोटभर माती. तिथे मोठे झाड तगणारच नाही. त्या निकस मातीत सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागवतात. तेरडा, गेंद, टोपली कारवी यांनी नटणारा हा सडा २०१२ मध्ये जागतिक वारशाचा भाग झाला. त्यावर खड्डे खणले, तर जे जपायचे तेच उखडले जाईल.

मग झाडे लावायचीच नाहीत का? जरूर लावायची. ओढ्यांचे उघडे पडलेले काठ, बांध, खाणींनी ओरबाडलेल्या जागा, जिथे बी टाकणारे जुने झाडच उरले नाही असे डोंगर, हे सारे रोपांची वाट पाहत आहेत. बियाणे त्याच परिसरातले हवे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासलेल्या देवराया इथे कामी येतात: आजूबाजूचे जंगल तुटले, तरी तिथल्या जाती देवाच्या धाकाने राहिल्या.

जिथे मुळे जिवंत आहेत, तिथे मात्र राखण पुरते. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९०च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, डोंगरावर सलग समतल चर खणले. पावसाचे पाणी तिथेच मुरले. झाडे लावली गेलीच, पण आधी गवत आले. ते विळ्याने कापून नेण्याची मुभा होती, त्यामुळे गुरे उपाशी राहिली नाहीत आणि गावातले दूध वाढले. बंदी टिकली ती ग्रामसभेने स्वतः ठरवल्यामुळे.

अशा राखणीचा उद्घाटन सोहळा होत नाही. दिवाळी उलटली की गवत वाळू लागते आणि वणव्याचे दिवस जवळ येतात. डोंगराभोवती जाळरेषा काढायच्या, पावसाळ्यात लावलेल्या रोपांच्या आळ्यांत पालापाचोळा अंथरायचा, उन्हाळाभर पाण्याची सोय बघायची, आणि माळावर काहीच न लावता पुढच्या पावसापर्यंत फक्त गुरे आवरायची. जुलैमध्ये रोप हाती धरून रांगेत उभ्या राहिलेल्यांपैकी काहीजण जरी आता, नोव्हेंबरात, फावडे घेऊन त्याच टेकडीवर परतले, तरी तिथले काम पुढे सरकेल.