लोखंडात उरलेलं

जुन्या ट्रॅक्टरसमोर बसा. जालना जिल्ह्यात भोकरदनकडे असो की घनसावंगीकडे, गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली असा एखादा उभा असतोच. बोनेटचा रंग विटलेला, सीटवर पोतं, आणि जागा मुद्दाम उताराची, म्हणजे बॅटरी उतरली तरी गाडी चालू व्हावी. मॅसी असेल, नाहीतर इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्राने मुंबईत बनवलेला. आज याच्याकडून काम करून घ्यायचं नाही. इंजिन बंदच राहू द्या. याच्या अंगातून वीज कुठून निघते आणि कुठे परत येते, तेवढं सावकाश बघायचं आहे.

आधी बॅटरी. वरची धूळ पुसा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर असू द्या, ती नंतर गरम पाण्याने आणि खायच्या सोड्याने निघेल. दोन टर्मिनलांपैकी एक जरासं जाड आहे, ते प्लस. लाल-काळ्या रंगावर जाऊ नका. इतक्या वर्षांत किती हातांनी वायरी बदलल्या असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही. आता नुसत्या नजरेने एकेका केबलच्या मागे जा. एक सेल्फकडे जाते. दुसरी लगेचच गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनच्या एखाद्या बोल्टखाली संपते. ही दुसरी म्हणजे अर्थ केबल.

ती जाड टर्मिनलवरून आलेली दिसली तर दचकू नका. ब्रिटिश नमुन्याच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवर प्लस बॉडीला असायचं. मॅसी फर्ग्युसन ३५ ची सुरुवातीची ब्रिटिश मॉडेलं तशीच होती. त्या काळी समज होता की असं केल्याने गंज कमी धरतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तर अजूनही ४८ व्होल्टच्या बॅटरीचं प्लस टोकच जमिनीला जोडतात, तारा झिजू नयेत म्हणून. पुढे अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर आले, तेव्हा मायनस बॉडीला देण्याची रीत पडली आणि तीच टिकली.

आता खाली बघा. चार रबरी टायर, त्यांच्याखाली काळी माती. बॅटरीतली वीज त्या मातीत जात नाही. वायरमधून दिव्यापर्यंत जाते आणि मडगार्ड, गिअरबॉक्स, इंजिन अशा लोखंडातून बॅटरीकडे परत येते. एवढं मोठं ओतीव लोखंडाचं धड परतीची वायर झालेलं आहे. म्हणूनच दिवे मंद झाले की बॅटरीला दोष देण्याआधी तो बोल्ट खोलावा. त्याच्याखाली रंग, गंज, ग्रीस आणि चिखल यांचा थर सापडतो. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं आणि पुन्हा आवळायचं. पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा हे काम कुणी करत नाही.

इथे थोडं थांबून विचार करू. समजा, कुणीतरी बॅटरी उलटी लावली. सेल्फ उलटा फिरेल? नाही. त्याची फिल्ड कॉइल आणि आर्मेचर एकाच ओळीत जोडलेली असतात. दोन्हींची दिशा एकदमच उलटते, त्यामुळे फिरणं तेच राहतं. दिवाही तसाच लागतो. हॉर्नही वाजतो. ॲमीटरचा काटा तेवढा उलटं सांगतो, आणि त्याच्याकडे कोण बघतं? सगळं ठीक दिसतं, आणि धोका नेमका तिथे आहे.

कारण बॅटरी चार्ज करणारा डायनमो अजून जुन्या दिशेलाच धरून आहे.

डायनमोपाशी लक्ष न्या आणि इथे जास्त वेळ बसा. याच्यात कायमचं चुंबक नाही. फिल्ड कॉइलमधून वीज गेली तर चुंबक तयार होणार, आणि चुंबक असेल तर वीज तयार होणार. मग सुरुवात कुठून? मागच्या वेळी डायनमो थांबला, तेव्हा त्याच्या लोखंडात किंचित चुंबकत्व मागे राहिलं. कालच्या भांड्याला चिकटलेल्या दह्यावर आजचं दूध विरजावं, तसं ते. पट्टा फिरतो, त्या उरलेल्या चुंबकत्वातून जरा वीज येते, ती कॉइलमध्ये जाऊन चुंबक वाढवते, वाढलेलं चुंबक वीज वाढवतं. सुमारे १३ व्होल्टला कटआऊट नावाच्या स्विचचे पॉइंट मिटतात आणि चार्जिंग बॅटरीकडे सुरू होतं. वेग उतरला की पॉइंट उघडतात, नाहीतर बॅटरीच डायनमोला मोटारीसारखी फिरवू बघेल.

प्लस कुठे आणि मायनस कुठे, याबद्दल डायनमोला स्वतःचं मत नाही. त्याच्याकडे फक्त शेवटची आठवण आहे. बॅटरी उलटी आणि आठवण जुनी असेल, तर कटआऊट मिटताच दोघं एकमेकांवर आदळतात. प्रचंड प्रवाह वाहतो, पॉइंट चिकटतात, वायरी जळतात. अल्टरनेटरची गोष्ट वेगळी. उलटी बॅटरी लावताच त्याचे डायोड जातात.

या आठवणीलाही मर्यादा आहे. जालन्यात ती चांगलीच कळते. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळून सळ्या होतात, आणि सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंड आपलं चुंबकत्व सोडून देतं. भंगारात गेलेला डायनमो वितळण्याच्या कितीतरी आधी सगळं विसरलेला असतो.

भट्टी लांबच राहू द्या. वर्षानुवर्षं पडून राहिल्यानेही ही आठवण पुसट होते. तेव्हा, किंवा अर्थ बदलल्यावर, ती नव्याने द्यावी लागते. लुकास पद्धतीच्या डायनमोवर ‘एफ’ आणि ‘डी’ अशी दोन टोकं असतात. दोन्ही वायरी काढा. बॅटरीची अर्थ केबल बॉडीला जोडलेली असू द्या. दुसऱ्या टर्मिनलवरून एक वायर घेऊन ‘एफ’ला क्षणभर टेकवा, काढा, पुन्हा टेकवा. बारीक ठिणगी दिसेल. झालं. मग ‘एफ’ आणि ‘डी’ जागच्या जागी लावा आणि अर्थ बदलला असेल तर ॲमीटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

माझं मत विचाराल तर चालू असलेली प्लस-अर्थ गाडी उगाच बदलू नये. दोन्ही पद्धती सारख्याच चालतात. फक्त बॅटरी, डायनमो आणि माणूस यांचं एकमत हवं. बोनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने ठळक लिहून ठेवा: ‘प्लस बॉडीला’. पुढची बॅटरी कोण बसवेल, त्याला लिहिता-वाचता येईल की नाही, सांगता येत नाही. म्हणून शेजारी अधिकचं चिन्हही मोठं काढा.