शांतीचे मोल

प्रवासाला निघण्याची कारणे माणसाने आजवर अनेक सांगितली आहेत. पोटासाठी निघाला तो मजूर, मालासाठी निघाला तो व्यापारी आणि देवासाठी निघाला तो यात्रेकरू. गेल्या काही दशकांत या मालिकेत एका नव्या प्रवाशाची भर पडली आहे. हा प्रवासी स्वतःसाठी निघतो. मुळशीच्या जलाशयाकाठी किंवा ऋषिकेशजवळ नरेंद्रनगरच्या जुन्या राजवाड्याच्या परिसरात उभ्या राहिलेल्या आलिशान आरोग्यनिवासांत तो पाच-सात दिवस मुक्काम करतो. तेथे योगासने असतात, अभ्यंग असतो, मोजून वाढलेला आहार असतो, मौन असते. शरीर हलके व्हावे, मन निवावे, आपला 'आत्मविकास' व्हावा ही त्याची अपेक्षा असते. त्या आठवड्याचे देयक शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीहून मोठे असते.

या प्रवाशाची थट्टा करणे सोपे आहे. ती आम्ही करणार नाही. थकवा श्रीमंतालाही येतो, आणि भरल्या घरात झोप उडालेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची असतात. शिवाय काही काळ जगापासून दूर जाण्याची रीत आपल्याला परकी नाही. प्रभू येशू पहाटे एकांतात जाई. संत इग्नेशियस १५२२ साली मानरेसा या गावी थांबला आणि तेथील अनुभवांतून त्याची 'आध्यात्मिक साधना' आकारास आली. आपल्या धर्मग्रामांतूनही लोक दरवर्षी तपसाधनेला जातात आणि त्याचा खर्च देतात. म्हणून पैसे देऊन शांतता शोधणे हेच मुळात पाप आहे असे म्हणता येत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. प्रत्येक शांतीला मोल पडते. ते मोल कोण देतो, आणि मिळालेली शांती पुढे कोठे जाते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. एकट्या बुलढाणा जिल्ह्यात मनाची व्यथा घेऊन माणसे जेथे जातात अशी दोन ठिकाणे आहेत. त्यांतले एक शेगाव. श्री गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली. त्यांच्या नावे चालणाऱ्या संस्थानाची स्वच्छता आणि शिस्त आज महाराष्ट्रभर वाखाणली जाते. तेथे येणाऱ्याला माफक दरात खोली मिळते आणि प्रसादाचे जेवण मिळते. पण आमच्या मते तेथील खरी विशेष गोष्ट म्हणजे सेवाधारी. गावोगावची माणसे पाळीपाळीने येतात, अंगण झाडतात, पंगत वाढतात, रांगेतल्या वृद्धाला हात देतात आणि वेतन घेत नाहीत. जो झाडतो तोही यात्रेकरू आणि ज्याच्यासाठी झाडले जाते तोही यात्रेकरू. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या श्रमावर उभी आहे हे तेथे कोणी लपवीत नाही, आणि आज विसावा घेणारा उद्या सेवेला उभा राहू शकतो.

दुसरे ठिकाण सैलानी. बुलढाणा तालुक्यातील या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. मनाचा तोल गेलेल्या आप्तांना घेऊन सर्व धर्मांची गरीब माणसे येथे येतात. कोणाचा मुलगा बोलत नाही, कोणाची सून रात्र रात्र ओरडते. या दुःखाला भक्तीचा मुलामा देऊन त्याची शोभा करण्याचे पाप आमच्या हातून घडू नये. श्रद्धेला औषधाची जोड नसली तर काय घडते हे २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण तेथे आगीत जळून मेले. माणसाला साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. परंतु मनाई म्हणजे उपचार नव्हे. कापसाच्या या मुलखाला कर्जाचा आणि आत्महत्यांचा शाप लागलेला आहे. २००६ साली केंद्र शासनाने ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणाही होता. अशा ठिकाणी मनाचे आरोग्य ही चैन नसते, जगण्यामरण्याची गोष्ट असते. एका बाजूस सात दिवसांच्या शांतीसाठी लाख मोजणारा आहे आणि दुसऱ्या बाजूस वेड्या झालेल्या लेकीला घेऊन एस.टी.ने निघालेली आई आहे. दोघांची तहान एकच आहे. दोघांच्या वाट्याला आलेले पाणी मात्र सारखे नाही.

येथे शुभवर्तमानातील बेथेस्दाचे तळे आठवते. पाणी हलले की जो आधी उतरेल तो बरा होई, अशी तेथील समजूत होती. ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाची तक्रार पाण्याविषयी नव्हती. आपल्याला तळ्यात सोडायला कोणी नाही, एवढेच त्याने सांगितले. बरे करणारे पाणी समोर होते, पण ज्याला माणूस नाही त्याच्यासाठी ते नसल्यासारखेच होते. प्रभूने त्याला रांगेत पुढे ढकलले नाही. तो स्वतःच त्याच्यापाशी गेला.

उपचारानेच रुग्णाकडे जावे ही गोष्ट महाराष्ट्राच्या भूमीवरही एकदा घडली आहे. गांधीजींना निसर्गोपचार गरिबांसाठी हवा होता. त्याकरिता आरंभी त्यांनी पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांच्या उपचारगृहाकडे पाहिले. पण गरीब माणूस शहरात उपचारासाठी येऊन राहणार नाही हे लक्षात येताच १९४६ साली ते उरुळी कांचन या खेड्यात गेले. ते काम पुढे मणिभाई देसाई यांनी वाढविले. माती, पाणी, ऊन, उपवास आणि ईश्वराचे नाव, हीच ती औषधे. सृष्टीत याहून स्वस्त काही नाही. तीच माती आणि तेच पाणी आज आलिशान निवासांत सर्वांत महाग झाले आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर मात्र १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे शुल्क न घेता चालतात. आधी शिकून गेलेल्यांच्या दानातून पुढच्यांचा खर्च भागतो. म्हणजे शांती महागच असली पाहिजे असा काही नियम नाही.

बुलढाण्याच्याच लोणारचे सरोवर या बाबतीत काही सांगते. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात ते आहे. २०२० साली त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. चहूकडून पाणी त्यात येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. काठावरच्या उतारावर गोमुखाचा गोड झरा वाहता आहे आणि खाली सरोवर खारट आहे. प्रवचनांतून ऐकलेला मृत समुद्राचा दृष्टान्त वाचकांना आठवेल. पण सरोवराला दोष देण्याचे कारण नाही. त्या खाऱ्या पाण्यातही सूक्ष्म जीव नांदतात, आणि २०२० च्या जूनमध्ये त्यांच्याच रंगाने ते गुलाबी झाले होते. सरोवराला उतार निवडता येत नाही. माणसाला येतो.

म्हणून 'आत्मविकास' या शब्दाची कसोटी निवासाच्या दारात लागत नाही, घरी परतल्यावर लागते. आठवडाभर ज्या हातांनी आपले अंग चोळले, त्या हातांचे दुखणे आपल्याला दिसले का? आपण मौनात बसलो होतो तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी कोण बसले होते? बहुतेक घरांत ती एखादी सून असते किंवा अविवाहित बहीण असते. तिच्या थकव्यासाठी कोणी निवास बांधलेला नाही. इग्नेशियस मानरेसाला तासन्‌तास प्रार्थनेत घालवी, पण भिक्षा मागून जगे आणि रुग्णांची सेवाही करी. त्याचा एकांत माणसांना वगळून झालेला नव्हता.

कोणी प्रवासाला जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याला शक्य आहे त्याने जावे, विसावा घ्यावा आणि देवाचे आभार मानावेत. मात्र विसावा ही सर्वांची गरज आहे असे एकदा मानले, की तो काहींनीच विकत घ्यावा हे मनाला पटेनासे होते. शेगावात जी पाळी आहे ती आपल्या धर्मग्रामातही लावता येईल. शेजारच्या घरी वर्षानुवर्षे रुग्णाची शुश्रूषा करणारी जी बाई आहे, तिच्या जागी दोन दिवस आपण बसावे आणि तिला तपसाधनेला किंवा माहेरी जाऊ द्यावे. त्यासाठी राजवाडा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो आपला वेळ, आणि तो देताना आपल्याला थोडे थकावे लागेल.