वासराच्या वाटणीचं दूध

एक गोष्ट निवडा. सणावाराला ऐकलेली, कोणीतरी तोंडी सांगितलेली. दहा आठवतील, पण आज एकीवरच थांबू.

बसायला भाट्ये घेऊ. रत्नागिरीहून पूल ओलांडला की डाव्या हाताला काजळी नदी राहते आणि उजव्या हाताला किनारा सुरू होतो. श्रावणातला सोमवार आहे, पाऊस नुकताच उघडला आहे, वाळू ओली आणि घट्ट आहे, असं समजा. सुरूच्या झाडांखाली बसा. पाय सोडून बसा, घाई नाही.

मी खुलभर दुधाची कहाणी घेतो. तुम्हाला ती येत असेल, तरी पुन्हा एकदा मनात सांगा, आणि ज्या आवाजात ऐकली त्याच आवाजात सांगा. एक राजा आहे, शिवभक्त आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा, असं त्याच्या मनात येतं. प्रधान युक्ती सुचवतो, दवंडी पिटली जाते. सोमवारी सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणायचं, घरी थेंबसुद्धा ठेवायचा नाही. राजाचा हुकूम. लोक घाबरतात, आणतात. पोरांना दूध मिळत नाही, वासरांना मिळत नाही. गावचं सगळं दूध गाभाऱ्यात ओततात आणि गाभारा भरत नाही.

इथे थांबा. पुढची म्हातारी तुम्हाला माहीत आहे, ती येईलच. पण तिला जरा दारातच थांबू द्या आणि आधी गोठ्यात जा.

गाईचं दूध काढताना तुम्ही कधी पाहिलं असेल, तर ते आठवा. आधी वासरू सोडतात. ते ढुशा देत आचळाला लागतं, गाय पान्हवते, आणि नेमक्या त्या वेळी दाव्याला ओढून वासराला बाजूला बांधतात. त्याच्या तोंडाला फेस असतो, जीभ अजून चोखत असते. चरवी भरत जाते आणि ते बघत राहतं. पुष्कळ घरांत एक सड त्याच्यासाठी राखून ठेवतात. दवंडीच्या सोमवारी तोही राखलेला नाही. कोकणातली गावठी गाय दूध थोडंच देते. त्यातलं थेंबभरही मागे ठेवायचं नाही म्हटल्यावर त्या दिवशी गोठ्यागोठ्यात काय आवाज उठला असेल, तो ऐका.

गोठा पाहिलेल्या पोराला गाभारा का भरला नाही, हे सांगावं लागत नव्हतं. त्याला ते पोटातून कळत होतं.

आता म्हातारीला येऊ द्या. तिने घरचं काम आवरलं आहे, पोरांना पाजलं आहे, सुनांना दिलं आहे, वासरांना दिलं आहे. उरलेलं खुलभर दूध, गंध, फूल आणि बेलाचं पान घेऊन ती दुपारी येते, देवाला सांगते आणि ओतते. गाभारा भरतो. राजाला खबर लागते. पुढच्या सोमवारीही तेच होतं, आणि मग राजा स्वतः पाळतीवर बसतो. म्हातारी सापडते आणि घाबरते. ती पळू बघते, हे विसरू नका. चमत्कार जिच्या हातून झाला, ती बाई राजाला बघून थरथरते. राजा अभय देतो, तेव्हा कुठे ती बोलते, की तुमच्या हुकुमाने वासरांचे, पोरांचे आत्मे तळमळले, आणि ते देवाला आवडत नाही.

आणि राजा ऐकतो. या कहाणीतला मला सगळ्यांत मोठा वाटणारा क्षण हाच आहे.

आता खिशातला मोबाइल काढा. या कहाणीच्या चलच्चित्रफिती सहज मिळतात. आवाज बंद ठेवून एखादी पाहा. तिला नावं ठेवायची नाहीत, फक्त कशाला किती वेळ दिला आहे, ते बघायचं आहे. मी पाहिलेल्यांत गाभारा भरायला भरपूर वेळ होता. दूध चढतं, पिंडीमागून तेज फाकतं, घंटा आपोआप हलतात. दवंडीलाही वेळ होता, कारण दवंडीवाला गमतीदार काढता येतो. वासरू होतं, पण मागे, चित्राच्या कोपऱ्यात, डोळे मोठे करून. एखादी पापणी लवते तेवढंच.

गोष्टीचं काहीच बदललेलं नाही. राजा, प्रधान, म्हातारी, बेलाचं पान, सगळं जागच्या जागी. तरी काहीतरी निसटलं आहे, हे तुम्हाला जाणवलं असेल. ती जाणीव तशीच धरून ठेवा. ती म्हणजे फक्त आपल्या लहानपणाचा हळवेपणा आहे का, हेही प्रामाणिकपणे विचारायला हवं.

कारण ‘मूळ गोष्ट’ म्हणून आपण जिला कवटाळतो, तीही कुणाची तरी आवृत्तीच. कहाणी संपताना स्वतःच कबूल करते, की साठ उत्तरांची होती ती पाचांत आणली. म्हणजे छाटाछाट तिच्या अंगातच आहे. आजी दिवसभर पाणी भरून दमलेली असेल, तर तिच्या तोंडून कहाणी आणखी लहान होऊन येई. शिमग्यात नमन-खेळे पाहा. आधी गणपतीचं नमन होतं, मग गौळण सुरू झाली की कृष्णासमोर मावशी आणि पेंद्या गावातल्या खड्ड्यांवर, सरपंचावर, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांवर खुशाल बोलतात. आणि संकासुर! दशावतारात वेद पळवणारा, विष्णूच्या हातून मरणारा हा दैत्य. आमच्या शिमग्यात काळा अंगरखा, उंच टोपी, पांढरी दाढी लावून तो नाचतो आणि सगळी लहान पोरं त्याच्याच मागे धावतात. असुराला पोरांचा सवंगडी करून टाकलं, याहून मोठा बदल कुठलं कार्टून करणार? तरी कोणाला तो गोष्टीचा द्रोह वाटत नाही. मलाही वाटत नाही.

म्हणून तपशील जुळतात का, या कसोटीला फार अर्थ नाही. दुसरी कसोटी शोधू. त्यासाठी उठावं लागेल.

भाट्यालाच झरी विनायकाचं देऊळ आहे. तिथे जा आणि एक प्रदक्षिणा घाला, नेहमीच्या निम्म्या वेगाने. चालताना ती दुसरी गोष्ट आठवा. पृथ्वीला फेरी घालून आधी कोण येतो, अशी पैज. कार्तिकेय मोरावर बसून निघतो. गणपती आईबापांभोवती फिरतो आणि हात जोडून उभा राहतो. २००७ साली शेमारूचा ‘बाल गणेश’ आला. त्याच्यानंतर गणपतीच्या बाळलीला सांगणारी किती चलच्चित्रं आली याची गणती नाही, आणि ही शर्यत त्यांची आवडती. साहजिक आहे. मोर, डोंगर, समुद्र, ढग, चित्रकाराला याहून अधिक काय हवं? मोराचं उड्डाण ऐसपैस होतं आणि गणपतीची फेरी दोन क्षणांत उरकते, वर एक मिश्कील हसू.

तुम्ही आत्ता फेरी घालत आहात. किती वेळ लागतो? उजवा हात देवाकडे ठेवून चालताना मन कुठे जातं? ज्याला मोर नाही, ज्याच्याकडे उंदीर आहे आणि पोट मोठं आहे, त्या मुलाने ही फेरी कशी घातली असेल? चतुराईने, की खरंच त्याला आईबापांपलीकडे पृथ्वी दिसत नव्हती म्हणून? गोष्ट हे सांगत नाही. पोराने विचारावं म्हणून ती जागा मोकळी आहे. हसू काढलं, डोळा मिचकावला, की ती जागा बुजते. गणपती हुशार ठरतो आणि प्रश्न संपतो.

याच गोष्टीचं दुसरं टोक दक्षिणेत आहे. शिवपुराणात पैज लग्नासाठी आहे. तामिळनाडूत ती फळासाठी होते आणि तिथल्या सांगणाऱ्यांचं मन हरलेल्या मुलाजवळ थांबतं. पृथ्वीभर फिरून दमून आलेला मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, फळ आधीच भावाला गेलेलं. तो रुसून पळनीच्या डोंगरावर जाऊन बसतो. आपण गणपतीजवळ थांबतो, ते मुरुगनाजवळ. दोघेही खरे, कारण दोघांनीही थांबायची जागा राखली आहे.

माझी कसोटी मला इथे सापडते. प्रत्येक गोष्टीत एक जागा असते जिथे ऐकणारं पोर अडतं. वासराजवळ अडतं, रुसलेल्या भावाजवळ अडतं. नव्याने सांगणाऱ्याने बाकी हवं ते बदलावं. संकासुराला नाचवावं, मावशीला सरपंचावर बोलू द्यावं. ती अडायची जागा मात्र भरू नये.

परदेशातही ही जागा अशीच भरली जाते. नाताळचा द्वेष करणाऱ्या ग्रिंचची गोष्ट डॉक्टर स्यूसने १९५७ साली लिहिली. तो असा का, हे नक्की कोणालाच माहीत नाही, असं तो लेखक पोरांना सांगतो आणि हृदय फार लहान असावं, यासारखे अंदाज तेवढे करतो. १९६६चं चक जोन्सचं चलच्चित्र अर्ध्या तासाच्या आत आटपतं आणि ते गूढ तसंच राहू देतं. २०१८च्या चित्रपटाला जवळपास दीड तास भरायचा होता. त्यात ग्रिंचला अनाथपण दिलं, एकाकी नाताळ दिला. कारण सापडलं. पण दुष्टपणाला कधी कधी कारण दिसत नाही, हे जे लहान मुलाला शाळेच्या मैदानावर रोज अनुभवाला येतं, ते त्या गोष्टीतून गेलं.

‘छोटा भीम’ महाभारतातल्या भीमाशी जुळत नाही, अशी लोक तक्रार करतात, ती मला पटत नाही. ढोलकपूरचा, लाडू खाणारा तो मुलगा महाभारत सांगायचा दावाच करत नाही. ती निराळी गोष्ट आहे, नाव जुनं आहे इतकंच. २००७च्या ‘रिटर्न ऑफ हनुमान’चंही तेच.

मन जास्त रेंगाळतं ते प्रल्हादापाशी, कारण होळीजवळ बसून आम्ही ती गोष्ट ऐकली. त्या गोष्टीत पोर कुठे अडतं? खांबातून नरसिंह येतो तिथे तर ते टाळ्या वाजवतं. अडतं त्याआधी, जिथे मारायला निघालेला माणूस बाप आहे, आणि जिच्या मांडीवर बसवून जाळायचं ती आत्या आहे. २०२५चा अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ पाहताना मी त्याच जागेची वाट बघत होतो. युद्धाचा गजर त्यात पुष्कळ आहे, मला तो जास्त वाटला. पण प्रल्हाद हाती शस्त्र घेत नाही, त्याला कोणी बळकट केलेलं नाही, आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर तो लहानच राहतो. यासाठी मी त्या चित्रपटाला मानतो.

आता परत किनाऱ्यावर या आणि काजळीच्या मुखाकडे तोंड करून बसा. नारळी पौर्णिमेनंतर इथून होड्या बाहेर पडतात. गेलेला परत येईपर्यंत काठावर कोणीतरी असतं. त्या काठावरच्या माणसाकडे बघत दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ मनात आणा. १९१९चा मूकपट. कृष्ण झाली आहे त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. फाळके सुरुवातीलाच तिचा साधा चेहरा दाखवतात, त्यावर भाव येतात-जातात, आणि मग ती कृष्ण होते. ही आमची पोर आहे, ती आता गोष्ट करून दाखवणार आहे, असं प्रेक्षकांना उघड सांगून टाकतात. पुढे डोहात झुंज चालू असताना काठावरची व्याकूळ माणसंही दिसत राहतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, तुटपुंज्या साधनांनी, आपल्याच माणसाने काठ सोडला नव्हता.

म्हणजे यंत्राचा दोष नाही. युगो साको आणि राम मोहन यांचं रामायण १९९२ साली पूर्ण झालं, हाताने काढलेल्या सुमारे एक लाख चित्रांतून. रामकथा जपानी माणसाच्या हातून आली म्हणून ती परकी झाली नाही. त्यातलं अरण्य अरण्यासारखं शांत राहतं. जानेवारी २०२५मध्ये तो चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत आला, तेव्हा पोरं तीन दशकांपूर्वीची चित्रं बघत बसली होती.

म्हणून मराठी कहाण्यांची चलच्चित्रं करणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे, आणि ते अगदी छोटं आहे. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. खुलभर दुधाची कहाणी कराल तेव्हा गाभाऱ्यातलं तेज हवं तेवढं फाकवा, दवंडीवाल्याला नाचवा, राजाला मिशा लावा. फक्त चार सेकंद, ९६ चौकटी, दाव्याला बांधलेल्या त्या वासराला द्या. संगीत नको, निवेदन नको. पोर विचारेलच, ‘त्याला का नाही देत?’ आणि ते विचारेल तेव्हा शेजारी बसलेल्या आईने, आजीने, मामाने चित्र थांबवून त्याच्याशी बोलावं.